लाल दिवा लागण्याआधी

तेलाचा लाल दिवा लागला की गाडी ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, असं प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. सल्ला योग्यच आहे. पण स्पोर्ट्स कार 7000 आरपीएमवर वळणात असताना हा दिवा लागला, तर सल्ला पाळायला वेळच उरलेला नसतो. बहुतेक गाड्यांत हा दिवा पेटवणारा स्विच 0.3 ते 0.5 बारच्या आसपास काम करतो. इंजिनातल्या तेलाचा दाब तिथपर्यंत घसरत नाही तोवर तो गप्प असतो. आयडलिंगला उभं असलेलं इंजिन तेवढ्या दाबावर थोडा वेळ निभावून नेतं. त्याच इंजिनाला 7000 आरपीएमवर चार-पाच बार लागतात. तिथे दाब पाचावरून दोनावर आला तरी दिवा लागत नाही, बझर वाजत नाही, आणि आत बेअरिंग खराब व्हायला सुरुवात झालेली असते.

हा लेख त्या मधल्या पट्ट्याबद्दल आहे. पाच बार आणि अर्धा बार यांच्या मध्ये लाखो रुपयांची इंजिनं जातात, आणि त्या पट्ट्यात काय चाललंय हे ड्रायव्हरला दाखवायची सोय अनेक उत्तम स्पोर्ट्स कारमध्येही नसते.

पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये मी एका परदेशी कूपेचं इंजिन खालून उघडलेलं पाहिलं. गाडी लिफ्टवर होती, तेलाचा चेंबर काढून बाजूला ठेवलेला होता, आणि टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर आठ सिलिंडरांच्या बिग एंड बेअरिंगचे, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगचे, सोळा शेल ओळीने मांडलेले होते. वरचा, खालचा, पुन्हा वरचा, खालचा. प्रत्येकाखाली स्केचपेनने सिलिंडरचा नंबर लिहिलेला. शेल म्हणजे अर्धवर्तुळात वाकवलेली जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पट्टी. पाठ पोलादाची, तिच्यावर तांबं आणि शिशाच्या मिश्रधातूचा थर, आणि त्यावर मऊ धातूचा मुलामा. हा मुलामा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, आणि सगळी मदार त्याच्यावर असते. चांगला शेल सगळीकडे सारखाच राखाडी दिसतो. पाचव्या सिलिंडरच्या वरच्या शेलवर मात्र मधोमध रुपयाएवढा गुलाबी डाग होता. मुलामा निघून खालचं तांबं उघडं पडलं होतं.

“नख फिरवून बघा,” मिस्त्री म्हणाले. नख कडेच्या ओरखड्यांत अडकत होतं.

“आवाज येत होता का?” मी विचारलं.

“नाही हो. मालक नुसते ऑइल बदलायला आले होते. मी फिल्टर कापून बघतो नेहमी. त्यात चमक दिसली, म्हणून म्हटलं खोलूया.”

“नसता खोलला तर?”

“चालली असती अजून थोडी. मग एक दिवस टकटक सुरू झाली असती. टकटक सुरू झाली ना साहेब, की शेलवर भागत नाही, क्रँक जातो. शेल हजारांत येतात. क्रँक लाखांत.”

त्या गाडीच्या डॅशबोर्डवर दाबाचा काटा नव्हता. लाल दिवा होता, आणि तो एकदाही लागला नव्हता.

*

तेलाचा दाब आणि वंगण या दोन गोष्टी आपण सहसा एकच समजतो. त्या एक नाहीत, आणि हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, म्हणजे जर्नल, आणि शेल यांच्यात साधारण 0.03 ते 0.06 मिलिमीटर फट ठेवलेली असते. जर्नलचा व्यास 55 मिलिमीटर धरला, तर 7000 आरपीएमवर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला 20 मीटर वेगाने फिरतो. ताशी 72 किलोमीटर. म्हणजे दोन धातू एवढ्या वेगाने एकमेकांवरून सरकत असतात, त्यांच्यात सगळ्यात अरुंद जागी एक-दोन मायक्रॉनचा तेलाचा पापुद्रा असतो, आणि वरून भार येत असतो. 90 मिलिमीटरच्या पिस्टनवर ज्वलनाचा 90 बार दाब आला की कनेक्टिंग रॉडवर पावणेसहा टनांच्या आसपास जोर पडतो. आता बेअरिंगचं क्षेत्रफळ पाहा. 55 गुणिले 20 मिलिमीटर, म्हणजे 11 चौरस सेंटिमीटर. ऑइल पंपाचा पाच बार दाब तेवढ्या क्षेत्रफळावर जेमतेम 55 किलो वजन उचलेल. पावणेसहा टनांपुढे 55 किलोचा काय पाड लागणार? पंपाच्या दाबावर क्रँक तरंगत नाही हे उघड आहे.

मग तो कशावर तरंगतो, हे 1883 साली बीचम टॉवर या इंग्रज इंजिनिअरच्या हाती जवळजवळ अपघाताने लागलं. तो इंग्लंडमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं. आस फिरू लागल्यावर तेल त्या भोकातून आत जाण्याऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला 100 पौंड होता आणि मापक 200 पौंडांच्या वर गेला. बाहेरून कोणीही दाब देत नव्हतं. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबत होता आणि त्यातूनच स्वतःला उचलणारा दाब तयार करत होता. तीन वर्षांनी, 1886 मध्ये, मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. बेअरिंगची रचना आजही त्याच समीकरणाने ठरते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीचं टायर रस्ता सोडून तरंगतं, त्यामागचं तत्त्व हेच.

म्हणजे भार पेलणारे शेकडो बार बेअरिंग स्वतःच्या फिरण्यातून तयार करतं. पंपाचं काम त्या फटीत तेल कधीही कमी पडू न देणं, एवढंच आहे. पण ते एका क्षणासाठीही चुकून चालत नाही. बिग एंड बेअरिंग तर वाटेच्या अगदी शेवटी आहे. पंपाकडून फिल्टर, फिल्टरकडून मुख्य गॅलरी, म्हणजे इंजिनातली तेलाची मुख्य वाहिनी, तिथून मेन बेअरिंग, आणि मेन बेअरिंगमधून क्रँकच्या पोटातल्या तिरप्या भोकांतून तेल तिथे पोचतं. पुरवठा तुटला की पहिला उपवास बिग एंडला घडतो. म्हणून टेबलावरचा तो गुलाबी डाग तिथे होता.

काटा दाखवतो तो दाब म्हणजे वाहत्या तेलाला होणारा अडथळा. थंड, दाट तेलाला अडथळा जास्त, म्हणून सकाळी इंजिन सुरू केलं की काटा उंच चढतो. ते पाहून समाधान मानू नये. त्या वेळी दाब जास्त दिसतो खरा, पण दाट तेल फटीत सावकाश शिरत असतं. उलट बेअरिंग झिजून फट वाढली की त्याच आरपीएमला, त्याच तापमानाला दाब आधीपेक्षा कमी दिसतो. एकटा आकडा फार काही सांगत नाही. आकडा, तापमान आणि आरपीएम मिळून सगळं सांगतात. जुन्या रेसिंगवाल्यांचा ढोबळ नियम असा, की गरम इंजिनात दर हजार आरपीएममागे 10 पीएसआय, म्हणजे सुमारे 0.7 बार दाब हवा.

*

आता वळणात काय होतं ते पाहू. आपण ज्याला चेंबर म्हणतो त्या ऑइल पॅनमध्ये पाच-सहा लिटर तेल असतं, आणि तळाशी पंपाचं तोंड जाळीसह बुडालेलं असतं. याला वेट सम्प म्हणतात. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या अशाच असतात आणि त्यांना ते पुरतंही.

पण चांगल्या टायरवरची आजची स्पोर्ट्स कार वळणात एक जीपर्यंत बाजूचा जोर सहज निर्माण करते. एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढाच जोर आडवा. अशा वेळी चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांत तिरका होतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने एक जी यायला साधारण 80 मीटर त्रिज्येचं वळण लागतं. ते अर्धवर्तुळाकार असेल तर पार करायला नऊ सेकंद लागतात. ट्रॅकवर नऊ सेकंद फार मोठा काळ असतो. 7000 आरपीएमवर क्रँक तेवढ्यात हजारहून जास्त वेळा फिरतो. पंप मिनिटाला 50 लिटर तेल ढकलत असेल, तर नऊ सेकंदांत साडेसात लिटर ढकलणार. चेंबरमध्ये मुळात तेवढं तेलच नाही! म्हणजे इंजिनातलं सगळं तेल त्या एका वळणात वर जाऊन, हेडमधून परत खाली येऊन पुन्हा पंपाच्या तोंडाशी पोचायला हवं. आणि नेमकं त्याच वळणात ते हेडच्या एका कोपऱ्यात आणि चेंबरच्या एका भिंतीला चिकटून बसलेलं असतं.

पंपाचं तोंड उघडं पडलं की तो हवा ओढतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. गॅलरीत फेस जातो, दाब कोसळतो, अर्ध्या सेकंदात परत येतो. ड्रायव्हरला काहीही कळत नाही. पण त्या अर्ध्या सेकंदात क्रँक साठेक वेळा फिरलेला असतो आणि मुलाम्याचा एक पदर गेलेला असतो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच वळण.

बॉक्सर इंजिनात हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण त्याची हेड डावी-उजवीकडे आडवी असतात. वळणात बाहेरच्या बाजूच्या हेडमध्ये तेल साचतं आणि खाली यायला उतारच उरत नाही. टोयोटा जीआर-86 आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्यांची 2021 मध्ये आलेली पिढी हे याचं ताजं उदाहरण. 2.4 लिटरचं इंजिन, किंमत आवाक्यातली, चालवायला अप्रतिम. अमेरिकेतल्या हौशी ट्रॅकवाल्यांनी स्वतःच्या पैशाने दाबाचे सेन्सर बसवून नोंदी घेतल्या, तेव्हा लांब उजव्या वळणांत दाब खाली जाताना दिसला. काही गाड्यांत चेंबर चिकटवताना वापरलेल्या सीलंटचे तुकडे पंपाच्या जाळीत सापडले. सगळ्याच इंजिनांचं वाईट झालं असं नाही, आणि कुठल्या इंजिनाला नेमकं काय भोवलं यावर वाद आहेत. पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं: या गाडीच्या ट्रॅक मोडच्या डिस्प्लेवर तेलाचं तापमान दिसतं, दाब दिसत नाही. ट्रॅकवर जायला खास पडदा दिला, आणि ट्रॅकवर ज्याची सगळ्यात जास्त गरज असते तो आकडा त्यावर नाही. हौशी लोकांनी सेन्सर लावले नसते तर हा प्रश्न इंजिनं फुटल्यावरच कळला असता.

यावरचे उपाय पायरीपायरीने महाग होत जातात. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं बसवली तर तेल पंपाच्या तोंडाभोवती अडून राहतं. त्यापुढे अक्युसम्प. हा एक वेगळा सिलिंडर असतो, त्यात एका बाजूला दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला तेल. गॅलरीतला दाब पडला की हवा ते तेल इंजिनात ढकलते आणि वळणाचे दोन-चार सेकंद निभतात. खरा उपाय मात्र ड्राय सम्प. त्यात चेंबरमध्ये तेल साठवतच नाहीत. एक किंवा अधिक स्कॅव्हेंज पंप ते सतत उपसतात, उंच, अरुंद टाकीत नेऊन टाकतात, तिथे त्यातली हवा सुटते, आणि दाबाचा पंप टाकीच्या तळातून तेल घेतो. उंच टाकीच्या तळाशी तेल कुठल्याही वळणात असतंच. शिवाय चेंबर उथळ झाल्याने इंजिन खाली बसवता येतं. 1954 च्या मर्सिडीझ 300 एसएलला ड्राय सम्प होता तो या दोन्ही कारणांसाठी.

पोर्शे 911 ही याबाबतीत सगळ्यात प्रामाणिक गाडी, असं मी म्हणेन. 1964 साली ती विक्रीला आली ती ड्राय सम्प घेऊनच. ड्रायव्हरसमोर पाच गोल होते. एकात तेलाचं तापमान आणि दाब, दुसऱ्यात इंधनासोबत तेलाची पातळी. पाचपैकी दोन गोलांत तेल! हवेने थंड होणाऱ्या त्या इंजिनात तेल अर्धं कूलंटचंही काम करत होतं, म्हणून त्याला हा मान. 1972 च्या मॉडेलमध्ये कंपनीने वजनाचा तोल सुधारायला तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायला उजव्या दरवाज्यामागे बाहेरून झाकण दिलं. पेट्रोल पंपावरच्या लोकांनी त्यात पेट्रोल भरायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी टाकी जुन्या जागी परत गेली.

911 चं इंजिन नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाण्याने थंड होणारं झालं, तेव्हा साध्या मॉडेलमधली ती वेगळी टाकी गेली. तेल इंजिनाच्या पोटातच साठवायचं आणि त्याला इंटिग्रेटेड ड्राय सम्प म्हणायचं, असं कंपनीने ठरवलं. जीटी-3 आणि टर्बोमध्ये मात्र रेसिंगमधून आलेलं जुन्या घराण्याचं इंजिन वेगळ्या टाकीसह राहिलं. कोणती गाडी ट्रॅकवर झोडपली जाणार हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेत शेव्हरोलेने 2006 च्या कॉर्व्हेट झेड-06 ला ड्राय सम्प दिला, आणि 2020 मध्ये इंजिन सीटमागे गेलं तेव्हा सगळ्यात स्वस्त कॉर्व्हेटलाही. बीएमडब्ल्यूने 2005 च्या एम-5 च्या व्ही-10 इंजिनात मधला मार्ग काढला. विजेवर चालणारे दोन जादा पंप बसवले. वळणातला बाजूचा जोर 0.6 जीच्या वर गेला की ते सुरू होतात आणि कोपऱ्यात साचलेलं तेल परत आणतात. मला हा उपाय फार आवडतो. वळण ओळखून त्या क्षणापुरतं काम करणारी ही वंगणव्यवस्था आहे.

*

काट्याचा इतिहास मात्र सुखाचा नाही.

फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँने 1849 मध्ये वाकवलेल्या, चपट्या नळीच्या दाबमापकाचं पेटंट घेतलं. आत दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा हलवते. कित्येक दशकं मोटारींच्या डॅशबोर्डमागे हीच नळी होती. इंजिनापासून बारीक तांब्याची नळी थेट डॅशबोर्डपर्यंत यायची आणि काट्यामागे खरंखुरं तेल असायचं. गळती झाली की गरम तेल पायांवर. पण काटा खोटं बोलत नसे. मग विजेवरचे सेंडर आले, नळी गेली, आणि काट्याला खोटं बोलायला शिकवणं शक्य झालं.

माझदा एमएक्स-5 ही जगातली सगळ्यात लाडकी छोटी स्पोर्ट्स कार. 1989 मध्ये आली तेव्हा तिच्यात दाबाचा खरा काटा होता. इंजिन तापलं, आयडलिंगला आलं की तो खाली यायचा. पाय दाबला की चढायचा. 1995 च्या मॉडेलपासून काटा तोच राहिला, पण त्याच्यामागे सेंडरऐवजी साधा स्विच आला. किमान दाब मिळाला की काटा मध्यावर जाऊन बसणार आणि तिथून हलणारच नाही. सहा बार असोत की एक, काटा मध्यावरच. फोर्डनेही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक गाड्यांत असंच केलं. कारण असं दिलं जातं, की हलता काटा पाहून ग्राहक घाबरत आणि विनाकारण वर्कशॉपला येत.

हे कारण मला अजिबात पटत नाही. ग्राहक घाबरतो तर त्याला समजावून सांगावं, मॅन्युअलमध्ये एक पान वाढवावं. काटा काढून नुसता दिवा ठेवला असता तरी मी समजू शकलो असतो. त्यात निदान फसवणूक नाही. पण मोजमापाचं उपकरण दिसेल अशी वस्तू समोर ठेवायची आणि तिने काहीच मोजायचं नाही, हा ड्रायव्हरच्या विश्वासाशी केलेला खेळ आहे. एमएक्स-5 चे कितीतरी मालक आजही 1994 पर्यंतच्या गाडीचा सेंडर आणि मीटर शोधून आपल्या गाडीत बसवतात.

त्याच सुमाराच्या फोक्सवॅगन गाड्यांत याहून स्वस्त आणि जास्त प्रामाणिक व्यवस्था होती. तिथे दोन स्विच असत. एक 0.3 बारचा, आयडलिंगसाठी. दुसरा 1.8 बारच्या आसपासचा, आणि तो इंजिन साधारण 2000 आरपीएमच्या वर गेल्यावरच हिशेबात घेतला जाई. वर गेल्यावर 1.8 बार मिळाला नाही तर दिवा आणि बझर दोन्ही. इंजिनाची गरज वेगानुसार वाढते, म्हणून धोक्याची रेषाही वेगानुसार वर सरकली पाहिजे, हे त्या साध्या जोडणीत होतं. आज रेसिंगच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, हाच विचार तक्त्याच्या रूपात असतो. प्रत्येक आरपीएमला किमान दाब ठरवून दिलेला, आणि त्याखाली गेलं की गजर किंवा सरळ इंजिन बंद.

2007 मध्ये आलेल्या निस्सान जीटी-आरने आकडे परत आणले. डॅशबोर्डच्या मध्यभागी मोठा पडदा, त्यावर तेलाचा दाब, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तेलांची तापमानं, टर्बोचा दाब, बाजूचा जोर, सगळं. त्या पडद्याची रचना ‘ग्रॅन तुरिस्मो’ हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पॉलिफनी डिजिटलने केली होती. गेममध्ये मुलांना जे दिसत होतं ते खऱ्या गाडीत ड्रायव्हरला दिसू लागलं.

आजच्या गाड्यांत दाबाचा सेन्सर बोटाच्या पेराएवढा असतो. आत सिलिकॉनचा पापुद्रा, पाच व्होल्टचा पुरवठा, आणि दाबानुसार अर्धा ते साडेचार व्होल्टचा सिग्नल. अनेक इंजिनांत तो असावाच लागतो, कारण पंपही आता हुशार झालाय. पूर्वी पंप क्रँकच्या वेगाने तेल ढकलायचा आणि जास्तीचा दाब रिलीफ व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचा, म्हणजे कष्ट करून मिळवलेली ताकद वाया. आताचा व्हेरिएबल पंप गरजेपुरतंच तेल देतो. निवांत चालवताना ईसीयू दाब कमी ठेवतो, पाय दाबला की वाढवतो. इंधन वाचतं. पण हजार आरपीएमला 10 पीएसआयचा नियम इथे चालत नाही. 3000 आरपीएमला आत्ता दोन बार आणि मिनिटभराने चार बार, दोन्ही बरोबर असू शकतात. ईसीयू मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांची तुलना करतो आणि फरक वाढला तर ताकद कमी करतो. तेलाशिवाय आता बाकीचंही अडतं. होंडाने 1989 मध्ये व्हीटेक ही व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा आणली, तेव्हापासून तिच्या रॉकर आर्ममधल्या खिट्ट्या तेलाच्या दाबाने सरकतात, आणि आज जवळपास प्रत्येक स्पोर्ट्स इंजिनाचं व्हॉल्व्ह टायमिंग तेलच फिरवतं.

स्वतः सेन्सर बसवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. डॅशबोर्डवरचा आकडा सेकंदातून मोजक्या वेळा बदलतो, आणि अर्ध्या सेकंदाची घसरण त्यात सहज हरवते. सेकंदाला किमान 50 नोंदी घेणारा लॉगर हवा, आणि दाबाची रेघ आरपीएम आणि बाजूच्या जोराच्या रेघांखाली ठेवून पाहायला हवी. आरपीएम खाली आला म्हणून दाब खाली आला, तर ठीक. आरपीएम तसाच, बाजूचा जोर एक जीवर, आणि दाबाच्या रेघेत खड्डा दिसला, तर त्या दिवशी पुढची फेरी मारू नये.

*

तेल कोणतं घालावं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी एवढंच सांगतो, की दाटपणा हा इंजिनाच्या फटींशी आणि तेलाच्या तापमानाशी केलेला करार असतो. बीएमडब्ल्यूच्या 2001 ते 2003 मधल्या एम-3 गाड्यांच्या कनेक्टिंग रॉड बेअरिंगची तक्रार एवढी वाढली की कंपनीला ती बदलून द्यायची मोहीम काढावी लागली. त्या इंजिनासाठी ठरलेलं तेल 10डब्ल्यू-60, म्हणजे गरम झाल्यावरही बरंच दाट राहणारं. इंधन वाचवण्याच्या धोरणाने अलीकडे बरेच जण पातळ 0डब्ल्यू-20 कडे सरकलेत. 2025 च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने 6.2 लिटर व्ही-8 इंजिनाच्या सुमारे सहा लाख पिकअप आणि एसयूव्ही अमेरिकेत परत बोलावल्या. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या निर्मितीत दोष होते. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना काय दिलं? 0डब्ल्यू-20 काढून 0डब्ल्यू-40, नवा फिल्टर, आणि नवा दाटपणा छापलेलं तेलाचं झाकण. 0डब्ल्यू-40 हे कॉर्व्हेटचं तेल. पापुद्रा थोडा जाड हवा, हे शेवटी मान्य करावं लागलं.

पेट्रोल तेलात मिसळलं तर कुठलाही दाटपणा टिकत नाही. 300 एसएलमध्ये इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल फवारत राही, आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली चेंबरच्या वाटेला लागे. आजच्या डायरेक्ट इंजेक्शनमध्येही थंड इंजिनात, छोट्या फेऱ्यांत पेट्रोल तेलात उतरतंच.

आपल्याकडे स्पोर्ट्स कारचं आयुष्य बहुतेक अशाच फेऱ्यांत जातं. मुंबईत रविवारी पहाटे काढायची, अर्ध्या तासात परत. कूलंटचा काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, तेलाला त्याच्या दुपटीने वेळ लागतो. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत आरपीएमच्या मीटरभोवती पिवळे दिवे असत. तेल तापेल तसे ते एकेक विझत आणि लाल रेषा वर सरकत जाई. ज्यांच्या गाडीत असं काही नाही त्यांनी वीस मिनिटं पाय हलका ठेवावा. फॉर्म्युला वनची इंजिनं तर बाहेरून गरम पाणी आणि तेल फिरवल्याशिवाय सुरूच करत नाहीत. आणि स्पीडब्रेकर! जमिनीपासून बोटभर उंचीवरचा चेंबर एकदा घासला, तर तो फुटला नाही म्हणून सुटलो असं समजू नये. पत्रा आत दबला तर पंपाचं तोंड आणि तळ यांच्यातली जागा कमी होते, आणि इंजिन त्या दिवसापासून अर्ध्या श्वासावर चालतं.

ट्रॅकवर जाणारेही आता आपल्याकडे वाढलेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी, आणि 2011 पासून ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. बुद्धवर मधल्या भागात लांब, बाहेरून उचललेलं वळण आहे. वर सांगितलेलं नऊ सेकंदांचं गणित अशाच वळणांत लागू पडतं. बेअरिंग बनवण्याचं ज्ञानही आपल्यापासून दूर नाही. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत इंजिनांची बायमेटल बेअरिंग आणि बुश बनतात. पोलादाच्या पट्टीवर तांब्याचा मिश्रधातू कसा बसवायचा, हे तिथल्या कामगारांचं रोजचंच काम आहे.

स्पोर्ट्स कार असलेल्यांना, किंवा जुनी घ्यायच्या विचारात असलेल्यांना माझी विनंती आहे. दर वेळी तेल बदलताना गरम इंजिनाचा आयडलिंगचा आणि 3000 आरपीएमचा दाब वहीत लिहून ठेवा. काटा नसेल तर गॅरेजमध्ये मेकॅनिकल गेज जोडून घ्या, फार तर अर्ध्या तासाचं काम आहे. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघायला सांगा. ड्राय सम्पची पातळी मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे इंजिन तापवूनच बघा. रात्रभर उभ्या गाडीत तेल टाकीतून खाली उतरलेलं असतं, आणि सकाळी पातळी कमी दिसली म्हणून वरून तेल ओतणं हेही नुकसानच.

आणि गाड्या बनवणाऱ्यांकडे एकच मागणी. आजच्या अनेक इंजिनांत दाबाचा सेन्सर बसवलेलाच आहे, ईसीयू त्याचा आकडा सतत वाचतोच आहे, डॅशबोर्डवर पडदाही आहे. तो आकडा खराखुरा, न थांबवता, ड्रायव्हरला दाखवा.